लेकरू कोणाचे?

शास्त्रवाचन : अनुवाद ६:४-९, १ राजे २१:१-३, दानीएल १:३-१६, लूक २:४१-५२



भाषांतराच्या कामानिमित्त महाराष्ट्राबाहेरच्या एका मोठ्या शहरात मी काही दिवस मुक्कामाला होतो. ज्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाने माझी सोय केली होती, त्या घरच्या गृहस्थांनी एका रात्री जेवण आटोपल्यावर आपली अडचण सांगितली. त्यांची मुलगी दहा वर्षांची, पाचवीत शिकणारी. शाळेतल्या काही धार्मिक विधींत तिला इतर मुलांबरोबर उभे राहावे लागे, हे त्यांना रुचत नव्हते. दुसरे दुःख याहून खोल होते. मुलगी घरी मराठी बोलत असे, पण तिला मराठी वाचता येत नव्हते. आजोबांच्या काळापासून घरात असलेले पवित्र शास्त्र तिच्यापुरते बंद पुस्तक झाले होते. तेव्हा तिचे नाव शाळेतून काढून तिला घरीच शिकवावे, असे त्या पतिपत्नीच्या मनात आले. मुख्याध्यापिकांना भेटल्यावर त्यांनी सांगितले की, कायद्याने मुलीला शाळेत घालणे तुम्हांला भाग आहे. "भाऊ, तुम्ही शास्त्राचे भाषांतर करता," ते गृहस्थ मला म्हणाले, "मला एवढेच सांगा, लेकरावर हक्क कोणाचा? आईबापांचा की सरकारचा?"

त्या रात्री मी दिलेले उत्तर अपुरे होते. तो प्रश्न त्या एका घरापुरता नाही, म्हणून तो तुमच्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम शास्त्राकडे वळू. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मुलांच्या शिक्षणाविषयी जे सांगितले आहे, त्यात ‘हक्क’ हा शब्द कोठेच नाही. तेथे आज्ञा आहे. आपल्या मराठी शास्त्रात ‘बिंबव’ असा शब्द योजिला आहे. त्यामागील इब्री धातूचा मूळ अर्थ धार लावणे असा घेतला जातो. विळ्याला धार लावणारा एकदाच हात फिरवून थांबत नाही. तेच पाते तो पुनःपुन्हा दगडावर घासतो. काही अभ्यासक त्या शब्दाचा अर्थ पुनःपुन्हा म्हणणे असा करतात, पण दोन्ही अर्थ शेवटी एकाच ठिकाणी येऊन पोचतात. हे काम कोठे करावयाचे? घरात बसलेले असता, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. आज्ञा एकवचनी आहे, आणि येथे ती ना याजकाला दिली आहे ना लेव्याला. ती ज्याच्या घरी मूल आहे त्याला दिली आहे. मात्र त्याच ग्रंथाच्या एकतिसाव्या अध्यायात, दर सातव्या वर्षी मांडवांच्या सणात पुरुष, स्त्रिया, बालके आणि उपरी यांना एकत्र जमवून सर्वांदेखत नियमशास्त्र वाचावे असेही सांगितले आहे. म्हणजे घराला जबाबदारी दिली म्हणून समाजाला शिकवण्याच्या कामातून वगळले, असे मोशेने केलेले नाही. घरी शिक्षण देण्याचा पुरस्कार करणारी कित्येक ख्रिस्ती पुस्तके सहावा अध्याय उद्धृत करतात आणि एकतिसाव्यापर्यंत जात नाहीत.

स्तोत्र १२७ मध्ये संततीविषयी जो इब्री शब्द आला आहे, तो ‘नहला’. त्याचा नेमका अर्थ वतन. मराठी माणसाला वतन म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. हाच शब्द नाबोथाच्या तोंडी आहे. अहाब राजाने त्याचा द्राक्षमळा मागितला. मोबदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. मागणी वरवर पाहता अन्यायाची नव्हती. परंतु नाबोथाने नकार दिला, कारण तो मळा त्याच्या पूर्वजांचे वतन होता. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे भूमी परमेश्वराची. तेव्हा ती राजाला घेता येत नव्हती, तशी नाबोथालाही कायमची विकता येत नव्हती. नाबोथाचा नकार भक्कम होता तो याच कारणाने. मळा त्याच्या मालकीची वस्तू असता, तर राजाशी सौदा करण्यास हरकत कसली?

लेकराच्या बाबतीत हेच आहे. शासनाने हात लावू नये अशी जी मर्यादा आहे, ती आईबापांच्या मालकीतून निघत नाही, देवाच्या मालकीतून निघते. आणि तीच मर्यादा आईबापांनाही बांधते. म्हणूनच इफिसकरांस लिहिताना पौलाने बापांना अधिकार सांगण्याआधी ताकीद दिली, मुलांना चिरडीस आणण्यापासून त्यांना परावृत्त केले, आणि मग ‘शिस्त’ व ‘शिक्षण’ हे दोन शब्द वापरून ते दोन्ही प्रभूचे असल्याचे म्हटले. मूळ ग्रीक ‘पैदैया’ हा शब्द तर फार मोठा आहे. माणूस घडवण्याचा सगळा व्यापार, व्यायामशाळेपासून काव्यापर्यंत, ग्रीक लोक त्या एका शब्दात बसवीत. भाषांतर करणाऱ्याला तेथे थांबून विचार करावाच लागतो.

आता हा वाद प्रत्यक्षात कसा झडला ते पाहू. त्याचे मुख्य रणांगण अमेरिका आणि जर्मनी हे देश आहेत.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत जर्मन भाषेविरुद्ध लाट उसळली. नेब्रास्का राज्याने १९१९ साली कायदा केला की, आठवी उत्तीर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवू नये. एका लूथरन मंडळीच्या लहानशा शाळेत रॉबर्ट मायर नावाचे शिक्षक १९२० साली एका दहा वर्षांच्या मुलाकडून जर्मन भाषेत वाचन करून घेत होते. पुस्तक होते बायबलमधील गोष्टींचे. त्यांच्यावर खटला भरला गेला आणि २५ डॉलर दंड झाला. वाचकहो, गुन्हा लक्षात घ्या: आजीआजोबांच्या भाषेत मुलाला बायबलच्या गोष्टी वाचावयास शिकवणे! खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२३ साली न्यायालयाने, दोन न्यायाधीशांचा विरोध असताना, शिक्षा रद्द केली. शिक्षकाला शिकवण्याचा आणि पालकांना त्याच्याकडून आपली मुले शिकवून घेण्याचा अधिकार आहे, असे त्या निकालात मान्य झाले. पालकांच्या अधिकारासंबंधी पुढे अमेरिकेत जे जे निकाल झाले, त्यांची मुळे मातृभाषेतल्या बायबलवाचनाच्या त्या तासापर्यंत जातात.

दोनच वर्षांनी ऑरेगन राज्याचे प्रकरण आले. ८ ते १६ वर्षांच्या मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे, असा कायदा तेथे १९२२ साली लोकमताने मंजूर झाला होता. त्यामागे कू क्लक्स क्लान या द्वेषमूलक संघटनेचे बळ होते आणि रोख कॅथॉलिक शाळांवर होता. शाळा चालवणाऱ्या धर्मभगिनींच्या एका संघाने दावा लावला, आणि १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द ठरवला. मूल ही केवळ शासनाची निर्मिती नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. तथापि शाळांची तपासणी करणे आणि मुलांना कोणत्या तरी शाळेत जाणे सक्तीचे करणे, हे शासनाचे अधिकार त्याच निकालाने मोकळे ठेवले. निकालाचा हा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही.

पुढे १९७२ साली विस्कॉन्सिन राज्यातील आमिश पंथाच्या तीन पित्यांचा खटला गाजला. आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवता शेतीत व घरकामात तयार करावे, ही त्या पंथाची रीत; कायदा मात्र १६ वर्षांपर्यंत शाळा मागत होता. प्रत्येकाला ५ डॉलर दंड झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः वेगळे मत नोंदवले, आणि मला तेच सर्वांत विचार करावयास लावणारे वाटते. आईबापांचा धर्म आणि शासनाचा कायदा यांच्या झगड्यात खुद्द मुलाला काय वाटते, हे विचारले का? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला पियानो वाजवावयाचा असेल, अंतराळवीर व्हावयाचे असेल, तर त्याचे काय? आज अमेरिकेत घरी शिक्षण देणे सर्व राज्यांत कायदेशीर आहे, पण न्यायमूर्तींच्या या प्रश्नाला तेथेही पुरते उत्तर मिळालेले नाही.

जर्मनीची गोष्ट निराळी. तेथे मुलाने प्रत्यक्ष शाळेत हजर राहिलेच पाहिजे, असा कडक नियम आहे. हा नियम हिटलरचा आहे असे अनेकदा लिहिले जाते. १९३८ साली त्याच्या राजवटीत देशव्यापी सक्तीचा कायदा झाला हे खरे. परंतु शालेय सक्ती त्याआधीच्या १९१९ च्या वायमार घटनेतच होती. हिटलरचे नाव घेतले की वाद जिंकल्यासारखा वाटतो, म्हणून ते घेण्याचा मोह आपण टाळावा. जर्मनीच्या सध्याच्या राज्यघटनेत मुलांचे संगोपन हा आईबापांचा नैसर्गिक अधिकार व प्रथम कर्तव्य मानले आहे, आणि लगेच पुढच्या कलमात सर्व शालेय व्यवस्था शासनाच्या देखरेखीखाली ठेवली आहे. या दोन कलमांच्या मधल्या सांदीत कित्येक भक्तिमान कुटुंबे सापडली.

त्यांतील एक कोनराड कुटुंब. शाळेतील लैंगिक शिक्षण, चेटकिणी व बुटक्यांच्या परीकथा, मुलामुलांतील मारामाऱ्या या गोष्टींना त्यांची हरकत होती. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००६ साली त्यांची तक्रार दाखल करून घेण्याजोगीही मानली नाही. शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी आपल्या श्रद्धेप्रमाणे शिकवण्यास पालक मोकळे आहेत, असे कारण त्यात होते. शिवाय धर्माच्या आधारावर समाजात वेगळी बेटे निर्माण होऊ नयेत, ही जर्मन न्यायालयांची चिंता त्याने ग्राह्य धरली. वुंडरलिश कुटुंबाच्या वाट्याला याहून कठोर प्रसंग आला. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांची चार मुले घरातून नेऊन सुमारे तीन आठवडे बालगृहात ठेवण्यात आली. मुलांना शाळेत पाठवण्याचे आईबापांनी कबूल केल्यावर ती परत मिळाली. २०१९ साली त्याच न्यायालयाने, यात कुटुंबाच्या हक्काचा भंग झाला नाही, असा निर्णय दिला. तिसरे रोमाइके कुटुंब २००८ साली अमेरिकेत निघून गेले. तेथे २०१० मध्ये त्यांना आश्रय मिळाला, वरच्या पायरीवर तो काढून घेण्यात आला आणि अपील न्यायालयाने २०१३ साली तेच कायम केले: कायदा सर्वांना सारखा लागू असल्याने हा धर्मासाठी झालेला छळ ठरत नाही, असे न्यायालय म्हणाले. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला, आणि दुसऱ्याच दिवशी शासनाने त्यांना देशाबाहेर घालवण्याची कारवाई तहकूब केली.

माझे मत विचाराल तर, लेकरांना घरातून उचलून नेण्याइतका अपराध त्या आईबापांनी केला होता असे मला वाटत नाही. शेजारचा ऑस्ट्रिया देश घरी शिक्षणाची मुभा देतो आणि दरवर्षी मुलाची परीक्षा घेतो. तेवढ्याने समाज मोडून पडलेला नाही. सौम्य उपाय हाताशी असताना कठोर उपाय योजणे हे शासनाच्या सामर्थ्याचे लक्षण मानता येत नाही. पण दुसरी बाजूही बोलली पाहिजे. जर्मनीत खाजगी शाळा काढण्यास घटनेने परवानगी आहे आणि सरकारी शाळांतही धर्मशिक्षण हा नियमित विषय आहे. तेव्हा त्या कुटुंबांना सुवार्ता सांगण्याची मनाई झाली होती, असे म्हणता येणार नाही. प्रेषितांनी माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानण्याची जी भाषा केली, ती येशूच्या नावाने बोलूच नका असा हुकूम झाला तेव्हा केली. परीकथांतील बुटक्यांसाठी ते वचन पुढे करणे मला जड जाते.

येथे दानीएल आपल्याला मोठी मदत करतो. त्याला पाठवले ती शाळा त्याने निवडलेली नव्हती. तो पाडाव होऊन आला होता. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, खास्दी लोकांची विद्या व भाषा, वर नावही बदललेले, आणि ते नाव परक्या दैवताशी जोडलेले. यांपैकी कशालाही त्याने नकार दिल्याचे लिहिलेले नाही. राजाच्या ताटातले अन्न मात्र त्याने नाकारले. रेषा कोठे ओढावी हे त्याने आपल्या मनात आधी ठरवले, आणि ठरवल्यावर त्याने विनंती केली. अधिकाऱ्याला आपल्या जिवाची भीती होती, ती भीती त्याने हसण्यावारी नेली नाही. खालच्या कारभाऱ्याकडे दहा दिवसांची परीक्षा मागितली. आपण शाळेशी भांडावयास निघतो तेव्हा बहुधा उलट करतो. प्रत्येक गोष्टीत रेषा ओढतो, आणि समोरच्या शिक्षकाच्याही नोकरीवर कोणी तरी बसलेला असतो हे विसरतो.

आता आपल्या देशाचा कायदा. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, आणि त्याच वेळी मुलाला शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले. या हक्कासाठी केलेला २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या दहाव्या कलमाप्रमाणे मुलाला परिसरातील शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. मात्र ते न करणाऱ्या पालकाला शिक्षा त्या कायद्यात सांगितलेली नाही. घरी शिक्षणाला त्यात नाव घेऊन मनाई नाही आणि नाव घेऊन मान्यताही नाही. काही कुटुंबे मुलांना घरी शिकवून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांना बसवतात. ही संस्था १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने सुरू झाली होती. अशी मोकळीक असली तरी कायदा कोणासाठी झाला हे विसरू नये. वीटभट्टीवर आणि ऊसतोडीच्या फडावर आईबापांबरोबर राबणाऱ्या मुलांसाठी तो झाला. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी ठेवलेल्या मुलीलाही ‘घरी शिकते’ असे म्हणता येते; शासनाने त्या मुलीची चौकशी केली तर ख्रिस्ती माणसाने शासनाच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.

त्या गृहस्थांची पहिली तक्रार मात्र वेगळी होती, आणि तिला उत्तर राज्यघटनेतच आहे. अठ्ठाविसाव्या कलमाच्या तिसऱ्या खंडाप्रमाणे, शासनमान्य किंवा शासकीय मदत घेणाऱ्या शाळेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. १९८६ साली केरळातील तीन भावंडांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सदसद्विवेकाचा असाच मान राखला. यहोवाचे साक्षीदार पंथाची ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. ते काढणे न्यायालयाने रद्द केले. त्या पंथाची शिकवण आपल्याला मान्य नाही, पण त्या निकालाचा आसरा आपल्यालाही आहे. आणि येथे आपल्या मिशन शाळांनी स्वतःकडे पाहावे. आपल्या शाळेतल्या हिंदू वा मुसलमान मुलाच्या बापाने, माझ्या मुलाला सकाळच्या उपासनेतून मोकळे ठेवा, असे लिहून दिले तर आपण ते पत्र कसे स्वीकारतो? अठ्ठाविसावे कलम त्याचेही आहे.

दुसरी तक्रार मराठी वाचनाची. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिकवण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे घटनेच्या ३५० क कलमात १९५६ पासून आहे. पण बडोदे, इंदूर, हैदराबाद, बंगळूर येथील आपल्या कुटुंबांनी त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. हे काम घरी करता येते, आणि त्यासाठी शाळा सोडावी लागत नाही.

घरी शिकवल्याने काय होते याचे आपल्या मंडळीतले सर्वांत मोठे उदाहरण पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला. त्या काळी शिक्षणाधिकारी नव्हता, धर्मसभा होती. त्या आईने लेकीला शिकवले, पुढे पायी तीर्थयात्रा करताना वाटेवर शिकवले. अनुवादात सांगितले आहे तसेच, घरी आणि मार्गाने चालत असता! कोणत्याही शाळेत न गेलेल्या त्या मुलीला १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, आणि तिने पुढे मूळ भाषांवरून संपूर्ण शास्त्राचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली मृत्यूच्या थोडे आधी ते काम पुरे झाले. परंतु रमाबाईंनी केडगावी आपल्या आश्रितांसाठी काय काढले? शाळा. घरच्या शिक्षणाचे बळ ज्यांनी अनुभवले, त्यांनीच ज्यांना घर नव्हते त्यांच्यासाठी वर्ग बांधले.

आता लूकाने सांगितलेली मंदिरातली गोष्ट पाहा. येशू बारा वर्षांचा आहे. मरीया व योसेफ यांनी त्याला घरी वाढवले. पण तो गुरुजनांमध्ये बसून ऐकतो आणि प्रश्न विचारतो. आईबाप व्याकूळ होऊन शोधत येतात. आपण कोणाच्या घरात असले पाहिजे याचे जे उत्तर तो देतो, ते त्यांना समजत नाही, असे लूक प्रांजळपणे लिहितो. त्यानंतर तो त्यांच्याबरोबर नासरेथास जातो आणि त्यांच्या आज्ञेत राहतो. मुलगा पित्याचा आहे, आणि म्हणूनच तो आईबापांच्या आज्ञेत राहतो. मुलाला स्वतःचे म्हणणे असते, ते ऐकून घेण्यासाठी आईबापांना कधी कधी तीन दिवस शोध करावा लागतो.

त्या गृहस्थांना मी पुढे हे सारे पत्राने कळवले, आणि शेवटी विचारले की, मुलीला तुम्ही विचारले आहे का? उत्तर महिन्याभराने आले. विचारले नव्हते. विचारल्यावर कळले की तिला शाळा सोडावयाची नव्हती. तिची जिवाभावाची मैत्रीण तेथे होती. विधींच्या वेळी हात जोडून उभे राहावे लागते याचे मात्र तिला वाईट वाटत होते, आणि हे तिने घरी कधी बोलून दाखवले नव्हते. त्यांनी अठ्ठाविसाव्या कलमाचा उल्लेख करून मुख्याध्यापिकांना नम्र भाषेत अर्ज दिला. त्या वेळेत मुलीने वाचनालयात बसावे, असे ठरले. रोज रात्री जेवणानंतर बापलेक मार्ककृत शुभवर्तमानातील पाच-पाच ओव्या मराठीत वाचतात. जोडाक्षरांशी ती अजून अडखळते, आणि ‘कफर्णहूम’ वाचताना दोघांनाही हसू येते, असे त्यांनी लिहिले आहे.